निकालाच्या यादीत स्वतःची किंमत शोधताना

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी दोन वर्षं काढली. निकालाच्या दिवशीची तिथली शांतता अजून आठवते. आयोगाच्या संकेतस्थळावर पीडीएफ पडायची. मोबाइलवर ती उघडेपर्यंत जीव वर-खाली व्हायचा, मग शोधायच्या चौकटीत आपला नंबर टाकायचा. नंबर नाही. एखादा आकडा चुकला असेल म्हणून परत टाकायचा. शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं तो चार वेळा टाकला, मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाला, "मी काही कामाचाच नाही रे." पेपर अवघड गेला असं तो म्हणाला नाही. कामाचा नाही म्हणाला, तो स्वतःला.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले होते. अंतिम यादीत नावं होती १,०१६. हजारात एक. उरलेल्यांना दुःख होणारच आणि ते व्हायलाही हवं. पण त्यांतले बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात, काही जण मात्र खोल नैराश्यात जातात. अपयश एकच, मग हा फरक कुठून येतो? बरीच कारणं आहेत : आनुवंशिकता, घरातली परिस्थिती, लहानपणीचे आघात, एकटेपणा. त्यांतलंच एक कारण माझ्या मित्राच्या त्या वाक्यात आहे.

स्वतःच्या मोलाबद्दलच्या या भावनेला मानसशास्त्र आत्मसन्मान म्हणतं. आत्मविश्वास वेगळा. गणित जमेल की नाही, हा आत्मविश्वासाचा प्रश्न. गणित जमलं नाही तरी माणूस म्हणून माझं मोल आहे की नाही, हा आत्मसन्मानाचा. आपल्याकडे 'स्वाभिमान' म्हटलं की ताठा डोळ्यांसमोर येतो, तसंही हे नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाच हजारांवर शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला आणि आत्मसन्मान मोजायची दहा विधानांची एक साधी पट्टी दिली. आजही जगभर तीच सर्वांत जास्त वापरली जाते. तिच्यातली पाच विधानं स्वतःबद्दल बरं बोलणारी, पाच वाईट. इतरांपेक्षा मी श्रेष्ठ आहे, असं तिच्यात कुठेच विचारलेलं नाही. निदान इतरांइतका तरी मी मोलाचा आहे, एवढंच वाटतं का, हे ती विचारते. रोझेनबर्ग यांची ही मोजकी अपेक्षा मला फार मोलाची वाटते.

आता अवघड प्रश्न. नैराश्य आलेल्या माणसाला स्वतःबद्दल वाईट वाटतंच. 'मी निरुपयोगी आहे' ही भावना नैराश्याच्या अधिकृत लक्षणांपैकी एक आहे. मग आधी काय येतं? एकदाच मोजून हे कळत नाही. म्हणून संशोधक त्याच माणसांचा आत्मसन्मान आणि नैराश्य दोन्ही आज मोजतात, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा मोजतात आणि सुरुवातीची पातळी हिशेबात धरून कशानं काय बदललं ते पाहतात. युलिया सोविस्लो आणि उलरिख ऑर्थ यांनी २०१३ मध्ये असे ७७ अभ्यास एकत्र तपासले. कमी आत्मसन्मानाचा पुढच्या नैराश्यावरचा परिणाम ०.१६ भरला (शून्य म्हणजे काहीच परिणाम नाही). उलट दिशेनं, म्हणजे नैराश्याचा पुढच्या आत्मसन्मानावरचा परिणाम ०.०८. दोन्ही आकडे लहानच आहेत, त्यामुळे आत्मसन्मान कमी म्हणजे नैराश्य ठरलेलंच, असा अर्थ कुणी काढू नये. पण पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट आहे. स्वतःला कमी लेखणं हे नैराश्यानं मागे ठेवलेला व्रण असण्यापेक्षा नैराश्याला आत येऊ देणारी फट असण्याची शक्यता जास्त.

ही फट रुंदावते कशी? एक वाट संशोधनात स्पष्ट दिसली आहे आणि तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : रवंथ. स्वतःला कमी लेखणारा माणूस झालेली चूक पुन्हापुन्हा वर काढतो आणि चघळत बसतो. रात्री दोन वाजता कॉटवर पडून चार प्रश्नांची चुकलेली उत्तरं आठवायची, त्यावरून आईवडिलांचे चेहरे, त्यावरून गावातल्या लग्नात भेटणारे नातेवाईक. या रवंथातून नवं काही निघत नाही. झोप मात्र जाते.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. आत्मसन्मान किती आहे, यापेक्षा तो कोणत्या खुंटीवर टांगलेला आहे, हे पाहावं लागतं. मिशिगन विद्यापीठात जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान आठवड्यातून दोनदा मोजला, शिवाय प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशीही. ज्यांनी आपलं सगळं मोल अभ्यासातल्या यशावर टांगलं होतं, त्यांचा आत्मसन्मान होकारानं जास्त उसळला आणि नकारानं जास्त आपटला. २००३ मध्ये परीक्षेतल्या गुणांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की असा सतत वर-खाली होणारा आत्मसन्मान, आधीच थोडे खचलेल्या विद्यार्थ्यांचं नैराश्य आणखी वाढवतो. पेठेतला मुलगा चार-पाच वर्षं नोकरी करत नाही, खेळणं सोडतो, मित्रांच्या लग्नांना जात नाही. एकेक खुंटी तो स्वतःच्या हातानं उपटत जातो, शेवटी भिंतीवर एकच उरते. हा त्याचा दोष नाही. आम्ही सगळे त्याला शाबासकीही नेमकी याचसाठी देत होतो.

मग आरशासमोर उभं राहून 'मी भारी आहे' म्हणावं का? २००९ मध्ये कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांनी काही जणांना चार मिनिटं, दर पंधरा सेकंदांनी घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' असं मनात म्हणायला लावलं. ज्यांना याची खरी गरज होती, त्या कमी आत्मसन्मानाच्या लोकांना त्यानंतर उलट जास्त वाईट वाटलं. जे मनाला पटत नाही ते घोकलं, की आतून लगेच विरोध उठतो. पुढच्या सगळ्या प्रयोगांत इतका तोटा दिसला नाही, तरी घोकंपट्टीवर भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात घडवलेली उपचारपद्धती घोषणा देत नाही, पुरावा मागते. खिन्न मन स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल काय गृहीत धरतं ते कागदावर उतरवायचं आणि तपासायचं. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, झोप-भूक बिघडली, तर हे एकट्यानं करत बसू नये. डॉक्टरांना भेटावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांची वाट पाहू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. केंद्र सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

माझा मित्र पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी त्याला वहीत तीन रकाने आखायला सांगितले होते : काय घडलं, मनात काय आलं, त्याविरुद्ध पुरावा काय. दुसऱ्या रकान्यात 'मी कामाचा नाही' हे त्यानं लगेच लिहिलं. तिसरा रकाना दोन आठवडे कोराच होता. मग एका रविवारी त्यानं वही माझ्यासमोर धरली. तिसऱ्या रकान्यात बारीक अक्षरात एक ओळ होती : "मेसच्या काकूंचा महिन्याचा हिशेब मी करून देतो. त्या माझ्याशिवाय कुणाला वही देत नाहीत."