पॉल जॉन्सनची पुस्तके मागवण्यापूर्वी
जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, बर्डी, नागपूर

ब्रिटिश पत्रकार आणि इतिहासलेखक पॉल जॉन्सनचे पुस्तक परत आणणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: दोन मागवली, उघडली तर आत एकच मजकूर. ‘अ हिस्ट्री ऑफ द मॉडर्न वर्ल्ड’ आणि ‘मॉडर्न टाइम्स’ हा एकच ग्रंथ आहे. १९८३ साली तो ब्रिटनमध्ये पहिल्या नावाने निघाला, अमेरिकेत दुसऱ्या. कव्हर पाहून हे कळत नाही. पहिले प्रकरण उघडा. सुरुवातीलाच २९ मे १९१९च्या सूर्यग्रहणाची छायाचित्रे आली, की पुस्तक तेच. मग उपशीर्षक पाहा: ‘एटीज’पर्यंत असेल तर जुनी आवृत्ती, ‘नाइन्टीज’ असेल तर १९९१ची सुधारलेली. वाचायला घेत असाल तर सुधारलेलीच घ्या. ‘द बर्थ ऑफ द मॉडर्न’ मात्र खरेच निराळे. त्यात फक्त १८१५ ते १८३० हा काळ आहे.

‘हा लेखक डावा की उजवा?’ असेही नेहमी विचारले जाते. साल सांगा, मग उत्तर देता येते. १९६५ ते १९७० जॉन्सन ‘न्यू स्टेट्समन’ या डाव्या साप्ताहिकाचे संपादक होते. पुढे कामगार संघटनांच्या वाढत्या जोरावरून त्यांचे मजूर पक्षाशी बिनसले आणि ते हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर यांचे खंदे समर्थक झाले. १९५७चे सुएझ युद्धावरचे पुस्तक आणि १९८३चा हा ग्रंथ एकाच हातचे आहेत, पण भूमिका एक नाही. ग्रंथात गांधी-नेहरूंवर कठोर टीका आहे. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी एवढ्यावरच विसंबू नये. जोडीला एरिक हॉब्जबॉम यांचे ‘द एज ऑफ एक्स्ट्रीम्स’ (१९९४) वाचावे. तेच विसावे शतक, पण डाव्या नजरेतून. दोन्ही मिळून घेतलीत तर भावात सवलत देतो.

बाहेरून मागवायच्या प्रतीसाठी निम्मी रक्कम आगाऊ घेतो, याचा काहींना राग येतो. पण हे जाडजूड ग्रंथ आहेत. चुकीची प्रत आली, तर जाण्यायेण्याचे कुरिअर पुस्तकाच्या किमतीवर जाते. म्हणूनच पैसे घेण्याआधी आम्ही नावाच्या पानाचा आणि त्यामागच्या, प्रकाशनवर्षाच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो घरातल्या प्रतीशी ताडून पाहा आणि मगच ‘हो’ म्हणा. ‘हो’ म्हटल्यावर ती प्रत परत घेतली जात नाही. पाने गहाळ निघाली तर मात्र सात दिवसांत बदलून देतो.