सोसायटीची ड्रेनेज लाइन तपासायची, दुरुस्त करायची की बदलायची? अर्ज कुठे, कागद कुठले, खर्च कोणाचा

आमच्या सोसायटीत मागचा चेंबर पहिल्यांदा भरून वाहायला लागला तेव्हा सगळ्यांनी मिळून महापालिकेला शिव्या घातल्या. तक्रार केली, माणूस आला, त्याने आमच्या गेटबाहेरच्या रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण पहारीने उचललं, आत पाणी मस्त वाहत होतं. म्हणाला काका, आमची लाइन मोकळी आहे, चोकअप तुमच्या कंपाउंडच्या आत आहे, ते तुमचं तुम्ही बघा. आणि झाकण लावून गेला.

मी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झालो होतो, १९८० च्या दशकातली बिल्डिंग, पुणं. तेव्हापासून दोन वर्षांत जे काही कळलं ते लिहितोय. उदाहरणं पुण्याची आहेत पण महाराष्ट्रातल्या बाकी महापालिकांतही साधारण रीत हीच, फॉर्म आणि खात्याची नावं तेवढी बदलतात.

आधी हे ठरवा की लाइन कोणाची

अर्ज, फी, ठराव सगळं यावरच अवलंबून आहे. फ्लॅटच्या आतलं, म्हणजे नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतली जाळी आणि तिच्याखालचं भांडं), कमोडचा जोड, सिंकचा पाइप, हे त्या मेंबरचं. भिंतीवरून खाली येणारे सामाईक पाइप, तळातले गली ट्रॅप (पाइपातलं पाणी चेंबरला जायच्या आधी जिथे पडतं तो जाळीचा खड्डा), कंपाउंडमधले सगळे चेंबर आणि त्यांना जोडणारी जमिनीखालची लाइन, हे सोसायटीचं. मॉडेल बायलॉजमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे त्यात ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टँक स्पष्ट लिहिलेत, बाहेरच्या सामाईक पाइपामुळे होणारी गळतीसुद्धा त्यातच येते. त्यामुळे "चेंबर तळमजल्यावाल्यांच्या खिडकीखाली आहे तर त्यांनीच करून घ्यावं" हे जे चौथ्या मजल्यावरचे लोक मीटिंगमध्ये म्हणतात ना, त्याला काही अर्थ नाही, त्यांना बायलॉजचं पान उघडून दाखवायचं. रस्त्याखालची मेन लाइन पालिकेची. तुमची लाइन त्या मेन लाइनला जिथे जोडते तिथपर्यंतचा तुकडा रस्त्याखाली असला तरी तो तुमच्या इमारतीची सोय म्हणून टाकलेला असतो, तो बदलायचा खर्च बहुतेक वेळा तुमच्याकडेच येतो आणि रस्ता खोदायची परवानगी लागते ती याच तुकड्यासाठी.

बिल्डिंग नवी असेल तर थांबा, स्वतःचे पैसे काढू नका. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सोयीसुविधांत दोष निघाला आणि तुम्ही तो बिल्डरला कळवला तर त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. ढाळ चुकलेली ड्रेनेज लाइन यात बसते. फोनवर सांगून उपयोग नाही, लेखी द्या, पोच घ्या, फोटो जोडा.

वाड्यात किंवा जुन्या चाळीत भाड्याने राहत असाल तर वेगळा रस्ता आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी. तो ऐकत नसेल तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, त्यानंतरही त्याने वाजवी वेळेत काही केलं नाही तर भाडेकरूंनी काम करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. आता पागडीचं भाडं किती असतं ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा चौथा हिस्सा म्हणजे झाकणाचेही पैसे निघणार नाहीत, पण नोटीस दिल्याचा कागद पुढे कामाला येतो.

तपासणी, म्हणजे खोदायच्या आधी बघणं

आमची चूक इथे झाली. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने चेंबरमध्ये डोकावून "लाइन बसलीय" असं सांगून पार्किंगमधली फरशी फोडली, पाइप उघडा केला, तो पाइप ठणठणीत. फरशी गेली, पैसे गेले, चोकअप तसाच.

नंतर एका मेंबरच्या साडूने सांगितलं म्हणून आधी साधी टेस्ट केली. होळीचा उरलेला रंग बादलीत कालवला, एका विंगच्या संडासात लाल, दुसऱ्या विंगमध्ये हिरवा, आणि आम्ही चार जण एकेका चेंबरवर उभे. लाल दोन मिनिटांत आला. हिरवा आलाच नाही, बराच वेळ झाल्यावर फिकट पोपटी असं काहीतरी दिसलं. म्हणजे घोळ त्या विंगच्या दोन चेंबरच्या मध्ये. मग तेवढ्याच तुकड्यासाठी कॅमेरावाला बोलावला. लांब केबलच्या टोकाला छोटा कॅमेरा आणि लाइट, बाहेर स्क्रीन, स्क्रीनवर मीटरचा आकडा पळत असतो. ११ मीटरच्या आसपास अख्खा पाइप काथ्याच्या जुडीसारख्या मुळांनी भरलेला. भिंतीलगतचा उंबर. जुने स्टोनवेअरचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे पाइप सिमेंटने जोडलेले असतात, जोड तडकला की ओल बाहेर येते आणि मूळ त्या ओलीच्या वासाने बरोबर आत शिरतं.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि मीटरसकट रिपोर्ट मागून घ्या. जनरल बॉडीत तो एक व्हिडिओ दाखवला की अर्ध्या शंका तिथेच संपतात, अर्जालाही जोडता येतो. दुरुस्ती की बदल हेही त्यावरूनच ठरतं. एकच जोड खराब, बाकी लाइन सरळ, तर तेवढाच तुकडा काढून नवा टाका. ठिकठिकाणी तडे, किंवा पाइप मध्येच खचून पाणी साचतंय, तर थिगळं लावत बसू नका, दोन चेंबरमधली अख्खी लाइन बदला.

चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. हे मी वेगळं लिहितोय कारण आमच्याकडेही कोणीतरी म्हणालंच, "पोरगा आहे एक, पाचशेत उतरतो." २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यात गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करून घेणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे कॉन्ट्रॅक्टरपुरतं नाही, काम लावणाऱ्यालाही लागू. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख केली. आतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त झाला की त्याचा वासच येईनासा होतो, उतरणाऱ्याला कळतच नाही. तेव्हा जेटिंग मशीन (जोराच्या पाण्याने लाइन मोकळी करणारं), सक्शन गाडी (मैला ओढून घेणारी), नाहीतर वरून रॉडिंग (लांब सळ्या घालून). कोटेशनमध्येच लिहून घ्या की माणूस उतरवणार नाही.

ठराव आणि पैसे

लाइन सोसायटीची असेल तर अर्जदार सोसायटी, चेअरमन-सेक्रेटरीची सही. अपार्टमेंट असेल, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड झालेलं, तर असोसिएशन. पुण्यात असे खूप आहेत आणि लोकांना आपण सोसायटी आहोत की अपार्टमेंट हेच माहीत नसतं, घराचे कागद काढून बघा.

छोटी दुरुस्ती कमिटी स्वतःच्या अधिकारात करू शकते, त्या खर्चाची मर्यादा तुमच्या बायलॉजमध्ये दिलेली असते. लाइन बदलायचं काम त्या मर्यादेच्या वरच जातं, मग जनरल बॉडीचा ठराव हवा. स्पेशल मीटिंगला ५ पूर्ण दिवसांची नोटीस, वार्षिक सभेला १४ दिवसांची. ठरावात नुसतं "ड्रेनेजचं काम करावे" असं लिहू नका, कुठल्या चेंबरपासून कुठल्या चेंबरपर्यंत, किती खर्चापर्यंत, पैसे कुठल्या फंडातून आणि पालिकेत सही कोण करणार हे चारही लिहा, सूचक-अनुमोदकासकट. पैसे रिपेअर फंडातून. हा फंड बायलॉजप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवायचा) किमान ०.२५ टक्के जमा व्हायला हवा. आमच्याकडे कित्येक वर्षं दोन्ही नावालाच होते, मग काढा वर्गणी, आणि वर्गणी म्हटलं की मीटिंग रात्री बारापर्यंत.

परवानगी आणि कागद

आता मुख्य गोष्ट. कंपाउंडच्या आत आहे त्याच मार्गावर, आहे त्याच मापाचा पाइप बदलताय, तर भानगड कमी, तरी क्षेत्रीय कार्यालयात पत्र देऊन पोच घेतलेली बरी. रस्ता खोदणार असाल, मेन लाइनला नवीन जागी जोडणार असाल, किंवा सेप्टिक टँक बंद करून पहिल्यांदा ड्रेनेजला जोडणार असाल तर परवानगी घेतल्याशिवाय पहार लावू नका. पालिकेच्या लाइनला न विचारता जोड मारणं हा सरळ गुन्हा.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयातल्या ड्रेनेजच्या इंजिनिअरकडे जातो आणि तो पालिकेचं लायसन असलेल्या प्लंबरमार्फत करा. नकाशा तोच काढतो, चेंबरची खोली आणि ढाळ तोच लिहितो, आणि साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आले की बोलायला तोच लागतो. बरोबर फाइलमध्ये हे ठेवा: लेटरहेडवर अर्ज, सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, मिळकत कराची चालू पावती, भोगवटा पत्र आणि मंजूर नकाशा असेल तर त्याची प्रत, नव्या लाइनचा नकाशा, फोटो, कॅमेऱ्याचा रिपोर्ट आणि काम करताना कोणाचं नुकसान झालं तर भरून देऊ असं हमीपत्र. यातलं अडतं काय तर कराची थकबाकी. एका फ्लॅटवाल्याने कर भरला नव्हता तेवढ्यावर आमची फाइल बाजूला पडली, त्याच्या दारात जाऊन बसावं लागलं. सगळ्या फ्लॅटच्या पावत्या आधीच गोळा करा.

मग पाहणी, मग चलन. रस्ता खोदाई असेल तर रस्ता पूर्ववत करायचे पैसे वेगळे भरावे लागतात, लांबी-रुंदी आणि रस्ता डांबरी की काँक्रीटचा यावर दर, आणि हे पैसे कधी कधी पाइपापेक्षा जास्त होतात हे मीटिंगमध्ये आधीच सांगून ठेवा. वाहता रस्ता असेल तर ट्रॅफिक पोलिसांची एनओसी पण. पावसाळ्यात इमर्जन्सी सोडली तर खोदाईला परवानगी मिळत नाही, म्हणून फाइल दिवाळीनंतर लगेच टाका, मेमध्ये जाग आली तर पुढचे चार महिने वास घेत बसायचं.

झाडाचं मूळ असेल तर अजून एक अर्ज, उद्यान विभागाकडे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडणं याच्या व्याख्येत झाडाला कुठलीही इजा करणं येतं, त्यामुळे मोठी मुळं सपासप तोडून मोकळे होऊ नका. आम्ही पाइपाचा मार्गच थोडा लांबून घेतला, उंबर आहे तिथेच आहे.

नवीन जोडणीचा अर्ज असेल तर तो आपले सरकार पोर्टलवर किंवा पालिकेच्या साइटवर ऑनलाइन करा. जलनिःसारण जोडणी देणं ही लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. म्हणजे मुदत ठरलेली, मुदतीत झालं नाही किंवा नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, मग दुसरं, मग आयोग. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. मला अपील करावं लागलं नाही पण अर्जाचा नंबर जपून ठेवला होता. रस्त्यावरची पालिकेची लाइनच तुंबली असेल तर अर्जबिर्ज काही नाही, तक्रार करा, पुण्यात १८०० १०३० २२२, मुंबईत १९१६, आणि तक्रारीचा नंबर घ्या.

पालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांत, जिथे अजून लाइनच पोचली नाही, तिथे सेप्टिक टँकच आहे. तो दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडी बोलावून उपसा, भरून वाहायची वाट बघू नका.

काम चालू असताना

मिस्त्रीला एकच विचारा, ढाळ किती देणार. जुना ठोकताळा असा की ४ इंची पाइपला ४० फुटांत १ फूट, ६ इंचीला ६० फुटांत १ फूट. "अंदाजाने बसतो हो" म्हणाला तर लेव्हल ट्यूब (उंची मोजायची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी) आणायला लावा. जमिनीखाली भिंतीवरचा पांढरा-राखाडी पाइप टाकू देऊ नका, त्यासाठी वेगळा विटकरी रंगाचा यूपीव्हीसी येतो, त्यावर आयएस १५३२८ छापलेलं असतं, गाडी उतरली की आधी ते वाचा. पार्किंगखालून जात असेल तर जाड वर्गाचा घ्या, खाली खडी-वाळूचं बेडिंग. गच्चीचं पावसाचं पाणी कोणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलंय का तेही आत्ताच बघा, आमच्या दोन पाइपांचं तसंच निघालं आणि दर जुलैला चेंबर का उडतो ते तेव्हा कळलं.

माती लोटायच्या आधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरा, अर्धा तास थांबा, पातळी उतरते का बघा, फोटो काढा. शेवटचं बिल त्यानंतर, आणि थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहिलेलं असू द्या. प्रत्येक चेंबर भिंतीच्या कोपऱ्यापासून किती फुटांवर आणि किती खोल ते कागदावर लिहून त्याची एक प्रत आम्ही मीटर रूमच्या दाराला आतून चिकटवली आहे, एक ठरावाच्या फाइलमध्ये.