ऊर्जाक्षेत्र आणि गोव्यातला ‘मेंटॉर’ : पार्श्वभूमी

गोव्याला लागणारी जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते. विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनाचा प्रश्न मुळात इथूनच सुरू होतो. छत्तीसगडमधल्या कोरब्यासारख्या वीजनिर्मितीच्या शहरात शेजारचे काका औष्णिक केंद्रात पाळीवर जातात, म्हणून तिथल्या पोराला टर्बाइनवर काम करणारा माणूस दिसतो तरी. आपल्याकडे मुलांच्या ओळखीचा असतो तो पावसात खांबावर चढणारा वीजखात्याचा लाइनमन. ऊर्जेत करिअर करायचे म्हणजे नेमके काय, हे विचारायला घराजवळ माणूस नाही.

१९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९८५ मध्ये विद्यापीठ झाले. तेव्हापासून ‘गाइड’ हा शब्द रुळला, पण तो पीएचडीपुरता. गाइड विषय देतो, प्रबंध तपासतो, सही करतो. ताळगावच्या पठारावरच्या या विद्यापीठात उत्प्रेरकांवर आणि चुंबकीय पदार्थांवर वर्षानुवर्षे संशोधन होत आले आहे. हायड्रोजन स्वस्तात तयार करायचा तर उत्प्रेरक लागतो, पवनचक्कीच्या जनित्राला आणि विजेवरच्या मोटारीला चुंबक लागतात. तरी रसायनशास्त्रात एमएस्सी करणारी मुलगी स्वतःला ऊर्जाक्षेत्रातली समजत नाही, कारण तसे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

‘मेंटॉर’ हा शब्द कॉलेजाकॉलेजांत पोचला तो २०१७ नंतर, ‘नॅक’ या संस्थेने कॉलेजांच्या दर्जाच्या मूल्यांकनासाठी आणलेल्या नव्या चौकटीमुळे. खरा गुंता इथे आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. त्या चौकटीत एक निकष आला : विद्यार्थी आणि मेंटॉर यांचे गुणोत्तर. सुरुवातीच्या मसुद्यात मेंटॉर कशासाठी, तर अभ्यासविषयक आणि ताणतणावविषयक अडचणींसाठी, असे शब्द होते. करिअर हा शब्द त्यात नव्हता. आता गुणोत्तर दाखवायचे तर सगळ्यात सोपे काय? वर्गाची यादी घ्यायची आणि रोल नंबरप्रमाणे शिक्षकांत वाटून टाकायची. बहुतेक ठिकाणी तसेच झाले.

मी स्वतः अशी नोंदवही भरली आहे. तारीख, विद्यार्थ्याची सही, मेंटॉरची सही, आणि मधे ‘चर्चेचा विषय’ नावाचा अरुंद रकाना. त्यात ‘हजेरी’, ‘आयएसए (सत्रांतर्गत) परीक्षा’, ‘घरची अडचण’ एवढेच मावते. एका मुलाने सौर पॅनेलच्या इन्व्हर्टरबद्दल विचारले होते, मी वनस्पतिशास्त्राची. त्याला योग्य माणसाकडे पाठवणे हे माझे काम होते, पण पाठवायचे कोणाकडे, याची यादी कॉलेजात नव्हती. ताणतणावासाठी मेंटॉर हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण समुपदेशक, गाइड आणि क्षेत्रातला जाणकार या तीन वेगळ्या माणसांना एकाच शब्दात कोंबले गेले आणि तिसरा माणूस त्यात हरवला, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणातल्या ‘नॅशनल मिशन फॉर मेंटॉरिंग’मुळे हा गुंता वाढलाच. अनेकांना वाटते की ते विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रत्यक्षात ते विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांचा आधार मिळावा यासाठी आहे. विद्यार्थ्यांना खरा फायदा होऊ शकतो तो २०२२ च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ तरतुदीचा. क्षेत्रात किमान १५ वर्षे काढलेल्या माणसाला पीएचडी नसतानाही वर्गात आणता येते.

शैक्षणिक धोरण आले त्याच वर्षी, २०२० मध्ये, मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या ४०० केव्हीच्या तमनार वीजवाहिनीवरून कॉलेजची मुले रस्त्यावर उतरली. वाहिनी कोणत्या मार्गाने न्यावी, जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच नेता येईल का, हे त्यांनी स्वतः कागदपत्रे वाचून शिकून घेतले. ऊर्जा, जंगल आणि कायदा एकत्र समजावणारा मेंटॉर त्यांना मिळाला असता तर त्यातून चांगले संशोधक घडले असते.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. जुलै २०२३ मध्ये जी-२० देशांचे ऊर्जामंत्री गोव्यात जमले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेतूलला इंडिया एनर्जी वीक हे ऊर्जाक्षेत्राचे प्रदर्शन भरले. मुले ओळखपत्र गळ्यात घालून दालनांतून फिरली, माहितीपत्रकांच्या पिशव्या घेऊन घरी आली. त्याच सुमारास चार वर्षांच्या पदवीबरोबर इंटर्नशिपही आली, आणि जागा शोधण्याची जबाबदारी पुन्हा रोल नंबरप्रमाणे नेमलेल्या मेंटॉरवर पडली.

राष्ट्रीय पातळीवरची ऊर्जा-लेखापरीक्षकाची, म्हणजे कुठे किती ऊर्जा खर्च होते आणि कशी वाचवता येईल हे तपासणाऱ्याची, परीक्षा अभियांत्रिकी पदवीधराला तीन वर्षांच्या अनुभवानंतर देता येते. पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित असेल तर भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा रसायनशास्त्र घेऊन एमएस्सी झालेल्यालाही तेवढ्याच अनुभवावर ती देता येते. हा अनुभव वेर्ण्याच्या औषध कारखान्यात बॉयलर आणि चिलर सांभाळताना मिळू शकतो, किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलातही मिळू शकतो. यंदा मी ही माहिती माझ्या गटातल्या मुलांना नोंदवहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून दिली, कारण मधल्या रकान्यात ती मावत नव्हती.