सुटे परत देताना वजाबाकी कुठे होते?

जिल्हा परिषदेच्या शाळांत बाल आनंद मेळावा भरतो. मुलं मेथीच्या जुड्या, भेळ, ताक, घरची बोरं घेऊन बसतात, पालक गिऱ्हाईक होतात आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर ‘विद्यार्थ्यांनी गिरवले व्यवहारज्ञानाचे धडे’ अशी बातमी येते. उपक्रम चांगलाच आहे. पण पुढच्या गणिताच्या तासाला फळ्यावर 200 − 37 ही उभी वजाबाकी मांडली जाते, तेव्हा मेळाव्यातल्या हिशेबाचं नावही निघत नाही. उदाहरणात रुपये आले की गणित जीवनाशी जोडलं गेलं, असा समज शिक्षकांत आणि पालकांतही पक्का बसला आहे. तो बरोबर नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांकडून त्यांनी भाजी वगैरे विकत घेतली. मागणीही मुद्दाम आडवळणाची. 20 रुपये किलोचे 800 ग्रॅम बटाटे, 15 रुपये किलोचे 1.4 किलो कांदे, आणि हातात 200 ची नोट. जवळजवळ सगळ्या मुलांनी असे हिशेब अचूक केले. तेवढीच किंवा त्याहून सोपी आकडेमोड शाळेतल्यासारखी नुसत्या आकड्यांत मांडली, की तीच मुलं अडली. आसपासच्या शाळांतल्या, विक्रीचा अनुभव नसलेल्या 471 मुलांचं नेमकं उलट झालं. साधी कोरी उदाहरणं त्यांना जास्त चांगली जमली. पण बाजाराचं जे उदाहरण काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांनी सोडवलं, ते यांच्यातल्या अवघ्या 1 टक्का मुलांना आलं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांबाबत 1985 मध्येच असं दिसलं होतं. धंद्यावर 98 टक्के उत्तरं बरोबर, कागदावरच्या कोऱ्या गणितांत 37 टक्के.

याचं कारण मुलांच्या बुद्धीत शोधू नका, रीतीत शोधा. बटाट्याचा हिशेब पाहा. मुलगा 0.8 गुणिले 20 करत नाही. ‘किलोचे वीस, दोनशे ग्रॅम कमी म्हणजे चार कमी, सोळा.’ कांद्याचे ‘पंधरा, वर चारशे ग्रॅमचे सहा, एकवीस.’ एकूण सदतीस. मग तो सुटे काढतो आणि हातावर ठेवत मोजतो. तीन रुपये, ‘चाळीस’. दहाची नोट, ‘पन्नास’. पन्नासची, ‘शंभर’. शंभराची, ‘दोनशे’. हातात पडले 163. वजाबाकी झाली, पण त्याने काहीच वजा केलं नाही. सदतीसपासून दोनशेपर्यंतचं अंतर तो चालून गेला.

उभ्या मांडणीत मात्र शून्यातून सात जात नाहीत, शेजारी मागावं तर तिथेही शून्य, म्हणून शतकाच्या घरी जायचं. इथे गोंधळलेलं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक काढून 237 लिहून मोकळं होतं. दोनशे घेऊन दोनशे सदतीस परत देणारा भाजीवाला मात्र कुणी पाहिला नसेल. त्याच्या रीतीत प्रत्येक पायरीला संख्येचा आकार डोळ्यांसमोर असतो. उभ्या रीतीत उरतात सुटे सुटे अंक.

अंतर म्हणून पाहिलं की वजाबाकीचा एक सुंदर गुण दिसतो. दोन्ही टोकं सारखीच सरकवली तर अंतर बदलत नाही. 200 − 37 म्हणजेच 203 − 40. किंवा दोन्हींतून एक काढा, 199 − 36, आता हातच्याची गरजच उरत नाही. दोन्ही वेळा 163. हाच गुण आणखी ताणता येतो. 200 चा प्रत्येक अंक 9 मधून वजा करा, म्हणजे 799. त्यात 37 मिळवा, 836. पुन्हा प्रत्येक अंक 9 मधून वजा करा, 163! दोन्ही टोकं आपण 999 च्या आरशात पाहिली. 200 चं प्रतिबिंब 799 वर आणि 37 चं 962 वर पडतं, पण दोघांतलं अंतर तेवढंच राहतं. म्हणून 799 मध्ये 37 मिळवायचे आणि उत्तर आरशातून परत आणायचं. फ्रेंच गणिती पास्कलने 1640 च्या दशकात बनवलेल्या गणकयंत्राची चाकं एकाच दिशेला फिरायची. त्या यंत्रावर वजाबाकी व्हायची ती अशीच, बेरजेतून. आजचे संगणकही वजा करायच्या संख्येचे द्विमान अंक (0 आणि 1) उलटे करून एक मिळवतात आणि वजाबाकीचं काम बेरजेच्या मंडलाकडूनच करून घेतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शंभर, हजार अशा संख्यांतून वजा करायची ‘सगळे नवातून, शेवटचा दहातून’ ही युक्ती वैदिक गणिताच्या नावाने फी घेऊन शिकवली जाते. ज्या पुस्तकातून ही सूत्रं आली ते 1965 मध्ये छापलं गेलं, आणि उपलब्ध वेदसंहितांत ती सापडत नाहीत. युक्ती चालते ती वर सांगितलेल्या अंतराच्या गुणामुळे. तो चौथीच्या मुलाला सुट्या पैशांवर समजावता येतो. युक्ती मंत्र म्हणून पाठ करून घेतली, तर तीही हातच्यासारखीच आंधळी रीत होते.

मग शाळेने काय करावं? मेळाव्यानंतरच्या तासाला विचारावं, ‘दोनशेतून सदतीसचे सुटे कसे दिलेस?’ मूल सांगेल ते तसंच फळ्यावर उतरवावं. एक आडवी रेघ, तिच्यावर 37, 40, 50, 100, 200 आणि मधल्या उड्या. नेदरलँड्समध्ये 1990 च्या दशकापासून अशी रिकामी संख्यारेषा प्राथमिक वर्गांत वापरली जाते. तिच्या शेजारीच उभी मांडणी करावी, आणि उत्तरातला 3, 6, 1 कुठल्या उडीतून आला ते मुलांनाच शोधू द्यावं. साठ म्हणजे दहाची आणि पन्नासची उडी मिळून, हे त्यांना लगेच सापडतं.

बाजाराची रीत सगळीकडे पुरते असं मात्र नाही. 437 गुणिले 29 तोंडी धरून ठेवणं अवघड आहे, आणि बीजगणितात तर किलोचा भावच अक्षर होतो. लेखी रीती त्यासाठीच लागतात. पण ‘वीस, चार कमी’ म्हणणारा मुलगा 20 × (1 − 0.2) हे कंस सोडवून बसलेला असतो. त्याला आठवीत वितरणाचा गुणधर्म (कंसाबाहेरची संख्या आतल्या प्रत्येक पदाला गुणते) नव्याने शिकवायचा नसतो, त्याला तो येतो हे दाखवून द्यायचं असतं.

हे आता तातडीचंही आहे. क्यूआर कोडवर नेमके सदतीस रुपये जातात, सुटे कुणी मोजतच नाही. दुकानात आपोआप होणारा हा सराव मुलांच्या दिवसातून निघून चालला आहे, त्यामुळे वर्गात खोट्या का होईना नोटा-नाणी ठेवून तो मुद्दाम करून घ्यावा लागेल, आणि तोही वर्षातून एका मेळाव्यापुरता नाही.