पीएचसीला एनक्वास सर्टिफिकेट मिळवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि टीम प्रत्यक्षात काय बघते

ज्यांच्या पीएचसीचं म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव यंदा एनक्वासच्या यादीत लागलंय अशा सिस्टर लोकांचे मला अधूनमधून फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, फाईली किती बनवायच्या?" मी स्टाफ नर्स आहे, आमच्या पीएचसीचं क्वालिटीचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे जे माहीत आहे ते एकदाच सगळं लिहून ठेवते. फाईलींचंही सांगते, पण थोडं पुढे.

आधी हे नक्की काय आहे ते. एनक्वास म्हणजे सरकारी दवाखान्यांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ठरवलेली गुणवत्तेची मानकं. २०१३ ला जिल्हा रुग्णालयांपासून सुरुवात झाली, मग सीएचसी (सामुदायिक आरोग्य केंद्रं), पीएचसी, शहरी पीएचसी आणि नंतर उपकेंद्रं पण आली. दिल्लीची एनएचएसआरसी ही संस्था यातलं तांत्रिक काम बघते. बरेच जण कायाकल्प आणि एनक्वास एकच समजतात, तसं नाहीये. कायाकल्प ही सरकारी दवाखान्यांची पुरस्कार योजना २०१५ ला आली आणि त्यात मुख्य भर स्वच्छता, बायोमेडिकल वेस्ट, संसर्ग नियंत्रण यावर आहे, एनक्वास मध्ये हे तर आहेच पण रुग्णाला मिळणारी अख्खी सेवा तपासली जाते, म्हणजे केसपेपर काढण्यापासून औषध घेऊन घरी जाईपर्यंत. ज्यांचं कायाकल्प चांगलं झालंय त्यांचं निम्मं ओझं आधीच उतरलेलं असतं, म्हणून कायाकल्प झालं नसेल तर आधी ते नीट करा असं माझं स्पष्ट मत आहे.

पात्रता कोणाची, तर सरकारी संस्थेची. खाजगी दवाखान्यांना हे नाही, त्यांच्यासाठी एनएबीएच वगैरे वेगळे मार्ग आहेत. आणि पीएचसी उठून थेट दिल्लीला अर्ज करत नाही. आधी आपणच आपलं मूल्यमापन करायचं, मग जिल्ह्याची टीम येते, मग राज्याची, आणि राज्याच्या तपासणीत पास झालात की राज्याकडून तुमचा अर्ज राष्ट्रीय पातळीला जातो. त्यामुळे तुमचा रोजचा संबंध टीएचओ म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्याचं ऑफिस आणि जिल्ह्याच्या क्वालिटी सेलशी येतो, तिथल्या क्वालिटी कोऑर्डिनेटरचा नंबर पहिल्या दिवशीच सेव्ह करून ठेवा.

आता मार्कांचं. पीएचसीला सहा विभागांच्या चेकलिस्ट असतात, ओपीडी, आयपीडी (भरती रुग्ण), लेबर रूम, लॅब, राष्ट्रीय कार्यक्रम आणि जनरल अ‍ॅडमिन. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ मार्क. पूर्ण आहे तर २, अर्धवट असेल तर १, नसेल तर ०. सगळे मुद्दे आठ गटांत बसवलेत, म्हणजे कोणत्या सेवा देता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री आणि मनुष्यबळ, सपोर्ट सर्व्हिसेस, क्लिनिकल केअर, संसर्ग नियंत्रण, क्वालिटी मॅनेजमेंट आणि शेवटी आउटकम म्हणजे आकडे. पास व्हायला एकूण ७० टक्के लागतात पण लोक इथेच फसतात, कारण एकूण ८५ टक्के आले म्हणजे झालं असं नसतं, विभागवार आणि गटवार मार्क पण वेगळे बघतात. लेबर रूम झकास आणि लॅबकडे कोणी बघितलंच नाही असं चालत नाही. चेकलिस्ट गुणक नावाच्या मोबाईल अ‍ॅपवर मिळते, ती डाउनलोड करा आणि एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांसकट सगळ्यांनी एकदा बसून स्वतःला प्रामाणिकपणे मार्क द्या, कमी आले तर येऊ देत, स्वतःला फुगवून मार्क दिले की पुढे काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही.

आमचं पहिलं अंतर्गत मूल्यमापन झालं तेव्हा मला रडूच आलं होतं. सफाईच्या मावशींना विचारलं, फरशीवर रक्त सांडलं तर काय करता? मावशी दोन मिनिटं गप्प, मग म्हणाल्या "पुसते". त्या ते काम रोज व्यवस्थित करत होत्या, हातमोजे घालून, हायपोक्लोराईट टाकून, थांबून मग पुसायच्या, पण साहेब लोक समोर उभे राहिल्यावर शब्दच फुटेना. चूक आमची होती, त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं की हे तुम्हाला विचारतील आणि तुमचं उत्तर आम्हा सगळ्यांच्या मार्कांत मोजतात. त्यानंतर आम्ही दर शनिवारी ओपीडी संपल्यावर पंधरा मिनिटं सगळे एकत्र उभे राहायला लागलो, मावशी, शिपाई मामा, लॅबवाले, फार्मसीवाले, आणि प्रत्येकाने आपलं एक काम बाकीच्यांना करून दाखवायचं. हात धुण्याच्या स्टेप्स सगळ्यात छान मावशीच दाखवायच्या.

हे एवढं सांगितलं कारण तपासणी चार पद्धतीने होते. टीम डोळ्यांनी बघते, स्टाफला विचारते, रेकॉर्ड तपासते आणि रुग्णांशी बोलते. फाईल फक्त यातल्या एका भागाला लागते. रुग्णाला विचारतात की डॉक्टरांनी काय झालंय ते समजावून सांगितलं का, औषध कसं घ्यायचं ते कळलं का, कुठे पैसे द्यावे लागले का, तपासताना पडदा होता का. या उत्तरांची तयारी आदल्या रात्री करता येत नाही. पडद्याचंच घ्या, दोनचारशे रुपयांची गोष्ट आहे पण एखादी बाई तपासायला आडवी झालीय आणि दारातून रांग आत डोकावतेय हे किती ठिकाणी अजून चालतं, मला तर वाटतं बाकी काही जमलं नाही तरी हे आधी करा.

आता कागदपत्रं. अर्जासोबत संस्थेचं माहितीपत्रक, अंतर्गत मूल्यमापनाचा आणि राज्याच्या तपासणीचा स्कोअर, प्रत्येक विभागाच्या एसओपी (कोणतं काम कसं करायचं याची लेखी पद्धत), क्वालिटी पॉलिसी आणि उद्दिष्टं, दर महिन्याचे केपीआय म्हणजे कामगिरीचे आकडे, रुग्ण समाधान सर्वेक्षण आणि त्यावर काय केलं, क्वालिटी टीमच्या मीटिंगची मिनिट्स, हे लागतं. कायदेशीर कागदांत प्रदूषण नियंत्रण मंडळाचं बायोमेडिकल वेस्टचं ऑथोरायझेशन, कचरा उचलणाऱ्या एजन्सीबरोबरचा करार, फायर सेफ्टीचे कागद आणि एक्सरे मशीन असेल तर त्याचं एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) रजिस्ट्रेशन. बायोमेडिकल वेस्टचा वार्षिक अहवाल ३० जूनच्या आत मंडळाला द्यायचा असतो, त्याची पोच जपून ठेवा. ऑथोरायझेशन संपलेलं असेल तर रिन्युअल लगेच टाका, हे कागद आपल्या हातात नसतात आणि ऐनवेळी सगळं तिथेच अडकतं.

एसओपीच्या बाबतीत एक विनंती. दुसऱ्या पीएचसीची फाईल आणून वर नाव बदलून ठेवू नका. आत लिहिलेलं असतं की सीझरसाठी ओटीत न्या आणि तुमच्याकडे ओटीच नाही, टीमला एका मिनिटात कळतं. पीएचसीच्या एसओपीत लिहायचं ते तुमचं, म्हणजे रात्री दोनला अडलेली बाई आली तर कोण उठतं, १०८ ला फोन कोण करतं, कुठल्या रुग्णालयाला आधी कळवायचं, सोबत कोण जातं. आणि पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं हे पण फोन करून रजिस्टरला लिहायचं, हा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो.

रेकॉर्डमध्ये मागचे काही महिने सलग दिसले पाहिजेत, आयएलआरचं (लसी ठेवायच्या फ्रीजचं) तापमान सकाळ संध्याकाळ, २ ते ८ डिग्रीच्या मधे, इमर्जन्सी ट्रेची रोजची तपासणी, प्रिस्क्रिप्शन ऑडिट, पाण्याची टाकी धुतल्याची तारीख, बीपी मशीन आणि वजनकाट्याचं कॅलिब्रेशन, फायर मॉक ड्रिल. एकाच पेनने एका बैठकीत भरलेलं रजिस्टर ओळखू येतं. फार्मसीत आधी एक्स्पायर होणारं औषध पुढे, दिसायला किंवा नावाने सारखी औषधं लांब लांब. लेबर रूमचे ठरलेले सातही ट्रे लावलेले, आणि पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे जातेय त्याचा तक्ता) प्रसूती चालू असतानाच भरलेला हवा, नंतर बसून काढलेला नको.

खर्चाचं म्हणाल तर सापडलेल्या उणिवांचे तीन भाग करा, बिनपैशाच्या, थोड्या पैशाच्या आणि मोठ्या खर्चाच्या. पहिल्या आठवड्यात बिनपैशाच्या संपवा, बोर्ड नीट लावणं, बादल्यांचे रंग, रजिस्टर, ट्रेनिंग. थोड्या पैशाचं रुग्ण कल्याण समितीत ठराव घेऊन होतं. रॅम्प, दिव्यांगांसाठी टॉयलेट, छताची गळती हे जिल्हा परिषदेकडे लेखी मागा आणि पत्राची प्रत ठेवा, काम झालं नसलं तरी पाठपुरावा दिसतो.

पास झाल्यावर सर्टिफिकेट ३ वर्षांचं असतं आणि पीएचसीला दर वर्षी ३ लाख रुपये प्रोत्साहन मिळतं, त्यातला २५ टक्क्यांपर्यंतचा भाग स्टाफसाठी आणि बाकी दवाखान्याच्या सुधारणेसाठी. स्टाफच्या वाट्यात मावशी आणि मामांचं नाव पहिल्यापासून यादीत घाला, नंतर राहून जातं. मधल्या दोन वर्षांत राज्याची टीम पुन्हा बघून जाते त्यामुळे रजिस्टर बंद करायचं नाही.

उपकेंद्रांचं थोडं वेगळं आहे. तिथे ठरवून दिलेल्या बारा सेवांपैकी किमान सात चालू असाव्या लागतात आणि २८ जून २०२४ पासून त्यांच्यासाठी ऑनलाइन तपासणीची सोय सुरू झालीय, म्हणजे टीम व्हिडिओवरून बघते. सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि एएनएम ताईंनी त्या दिवशीच्या रेंजची आधी खात्री करून घ्या, कॅमेरा घेऊन कोण फिरणार तेही ठरवा, आणि आशा ताईंना नक्की बोलवा, गावातल्या बीपी शुगरच्या पेशंटचं कोण औषध घेतंय कोण सोडलंय ते त्यांनाच तोंडपाठ असतं.