केबिन बॅगेत काय चालतं, काय अडतं आणि कुठले कागद जवळ ठेवायचे

विमानतळावर केबिन बॅगेवरून जी वादावादी होते ती बऱ्याचदा चुकीच्या माणसाशी होते. वजन आणि साइज हा एअरलाइनचा विषय. बॅगेत कुठली वस्तू न्यायची, कुठली नाही, हे बीसीएएस म्हणजे ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी ठरवतं आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर ते नियम पाळून घेतात सीआयएसएफवाले. म्हणून बॅग ८ किलो भरली तर काउंटरवर जादा पैसे भरून नाहीतर दोन पुस्तकं काढून काम भागतं, पण स्कॅनरमध्ये लायटर दिसला की तिथे "अहो, एवढी वेळ सोडा ना" करून उपयोग नाही, त्या जवानाच्या हातात काही नसतंच.

आधी कोणाला किती ते बघू. इकॉनॉमीच्या तिकिटावर साधारण ७ किलोची एक बॅग, बिझनेसला १० किलोपर्यंत. साइज लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटीमीटर, म्हणजे ५५ बाय ४० बाय २०, आणि मोजताना चाकं न् हँडल धरून मोजायची. सोबत लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग चालते, इंडिगोत तिलाही ३ किलोची मर्यादा आहे. स्टुडंट किंवा फौजी तिकिटावर जे जादा किलो मिळतात ते चेक-इनच्या सामानाचे असतात हो, ते केबिनमध्ये धरू नका.

ओळखपत्राचं सोपं आहे. देशातल्या प्रवासाला आधार किंवा एम-आधार, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पॅन, पासपोर्ट यातलं कुठलंही एक चालतं, फोटो असलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुकही यादीत आहे, फक्त नाव तिकिटावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पाठवलेला आधारचा फोटो दाखवू नका, गेटवरच थांबवतील, डिजीलॉकर उघडून दाखवा. आईवडिलांसोबतच्या लहान मुलांना वेगळं ओळखपत्र लागत नाही, पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या वयाचा पुरावा एअरलाइन मागते, त्यामुळे जन्मदाखला ठेवाच. परदेशी जायचं तर पासपोर्ट आणि लागत असेल तिथे व्हिसा.

आता पॉवर बँक, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायचीच नाही, ती केबिनमध्ये, आणि मर्यादा mAh मध्ये नाही तर वॉट-अवरमध्ये असते. वॉट-अवर काढायला पॉवर बँकवर छापलेला mAh चा आकडा गुणिले ३.७ भागिले १०००. वीस हजारवाली ७४ वॉट-अवर होते, आरामात चालते. तीस हजारवाली १११ होते, तिला एअरलाइनची परवानगी लागते, कारण १०० ते १६० ची परवानगी घेऊन जास्तीत जास्त दोन नेता येतात आणि १६० च्या वर काही झालं तरी नाही. वरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर चांगली पॉवर बँकसुद्धा ठेवून घेऊ शकतात, कारण त्यांना आकडा दिसायला हवा. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात बुसानला एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जळालं तेव्हा संशय वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकवरच आला, तेव्हापासून एअरलाइन कडक झाल्यात. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केलीय, त्यामुळे दुबईमार्गे जाणाऱ्यांनी फोन आधीच फुल चार्ज करून बसा. आणखी एक, जळगाव, सिंधुदुर्गसारख्या ठिकाणी छोटी एटीआर विमानं असतात, वरचे कप्पे लहान, मग विमानाजवळच तुमची ट्रॉली घेऊन खाली लगेजमध्ये टाकतात. त्या क्षणी बॅग उघडून पॉवर बँक काढून हातात घ्या, कोणी विचारो न विचारो.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा, चकली, लाडू, पोळ्या, बिनधास्त न्या. अडतं ते खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे आपोआप तापू शकतात, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये. शेंडीवाला अख्खा नारळही केबिनमध्ये सहसा नाही. शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला (डोक्यावर नेतात त्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमधून न्यायला बीसीएएसने २०२४ मध्ये ठरावीक मुदतीपुरती खास सूट दिली होती, यावरून समजा. लोणचं, तूप, श्रीखंड, आमरस हे सगळं सिक्युरिटीच्या हिशोबात लिक्विड. परदेशी फ्लाइटला १०० मिलीच्या वरचा डबा केबिनमध्ये नाही, अर्धा भरलेला असला तरी नाही, कारण डब्याची साइज बघतात, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. देशात थोडी ढील असते पण आजीने दिलेल्या लोणच्याची बरणी असली रिस्क घेण्यासारखी नसते, चेक-इनला टाका. अमेरिकेला जाताना गोडा मसाला, मेतकूट असली पावडर ३५० मिलीच्या वर असेल तर तिची वेगळी तपासणी होते, केबिनमधून काढायलाही लावतात, तेव्हा तीही खालीच.

औषधं मात्र कायम हातातल्या बॅगेत. इन्सुलिन, सिरप १०० मिलीच्या वर असलं तरी चालतं, डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि त्यावरचं नाव प्रवाशाचं हवं. बाळाचं दूध, पेज यालाही प्रवासाला पुरेल एवढी सूट आहे, ट्रेमध्ये आधीच वेगळं काढून ठेवा.

कोणी विचारत नाही पण वेळ आली की धावपळ होते ते म्हणजे अस्थी. त्या केबिनमधून नेता येतात. मृत्यूचा दाखला आणि स्मशानभूमीचं अंत्यसंस्कार झाल्याचं प्रमाणपत्र, दोन्ही मूळ आणि झेरॉक्स, सोबत ठेवा आणि एअरलाइनला आधी फोन करून सांगा. कलश जाड धातूचा नको, एक्स-रेमध्ये आतलं दिसत नाही आणि मग उघडायला सांगायची वेळ येते, जी कोणालाच नको असते. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा, नीट बंद केलेला घ्या.

परदेशात लग्नाला जाताना घरचे दागिने नेत असाल तर निघताना कस्टम्सच्या काउंटरवर एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. पासपोर्ट, तिकीट, बिलं किंवा मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा दाखला, आणि प्रत्यक्ष दागिने लागतात, अधिकारी बघून लिहितात. नाहीतर येताना हे इथूनच नेलेत हे पटवत बसावं लागतं. याला अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरा.

एवढं करूनही काही अडलंच तर पर्याय तीन. परत काउंटरला जाऊन ती वस्तू चेक-इनला टाकायची, सोडायला आलेलं कोणी बाहेर असेल तर त्यांच्याकडे द्यायची, नाहीतर तिथेच सोडायची. पहिला पर्याय वेळेवर अवलंबून आहे, कारण देशातल्या फ्लाइटला चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी.