ट्यूबरोजमध्ये गुलाब नाही

बंगालीत जिला रजनीगंधा म्हणतात, ती आपली निशिगंध. फुलबाजारात गेलात तर गुलछडी. इंग्रजीत मात्र तिचं नाव ट्यूबरोज. ते ऐकून बहुतेकांना हा गुलाबाचाच कुठलासा नळीदार प्रकार वाटतो, आणि इंग्रजी बोलणारेही आता ‘ट्यूब-रोज’ असंच तोडून म्हणतात. गुलाबाचा इथे काहीएक संबंध नाही. मूळ लॅटिन शब्द ‘ट्यूबेरोसा’, म्हणजे फुगीर, गाठाळ. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली या झाडाला ‘पॉलिअँथिस ट्यूबेरोसा’ नाव दिलं, आणि त्याच ग्रंथात बटाट्याला ‘सोलॅनम ट्यूबेरोसम’. इतक्या सुवासिक फुलाची ओळख बटाट्याच्या विशेषणावर उरकली, हे जरा अन्यायाचंच.

पण खोटं नाही. शेतकरी कंदच लावतो, बी नाही.

बंगाली नावाने मातीखाली पाहिलंच नाही. रजनी म्हणजे रात्र, आणि रात्री जिचा गंध सुटतो ती रजनीगंधा. शब्द संस्कृत असला तरी तो जुना समजू नका. झाड मेक्सिकोचं आहे, युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेत पोचण्याआधी ते भारतात असणं शक्यच नव्हतं. तिथल्या नाहुआत्ल भाषेत ते ‘ओमिशोचित्ल’, म्हणजे हाडफूल. बहुधा त्या पांढऱ्या, मेणचट पाकळ्यांमुळे.

रात्रीच गंध का? पांढरा रंग, लांब नळी आणि अंधारात वाढणारा वास ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की वनस्पतिशास्त्रज्ञांना लांब सोंडेचे निशाचर पतंग आठवतात. अंधारात लाल-निळ्या रंगांचा उपयोग नसतो. पतंगाला दुरून वाट दाखवतो तो वास. त्या वासात मिथाइल बेंझोएट, मिथाइल सॅलिसिलेट अशी संयुगं असतात. सॅलिसिलेट तुमच्या ओळखीचं आहे, दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमातलं.

आणखी एक खुबी: खुडल्यावरही फूल वास बनवतच राहतं. फ्रान्समधल्या ग्रास गावच्या अत्तरवाल्यांनी याचाच फायदा घेतला. काचेवर चरबीचा थर द्यायचा, त्यावर ताजी फुलं पसरायची, ती दमली की नवी ठेवायची. वास हळूहळू चरबीत उतरतो. उष्णतेने हा नाजूक वास बिघडतो, म्हणून एवढी खटपट.

बंगालमध्ये नदिया जिल्ह्यातलं राणाघाट या शेतीसाठी प्रसिद्ध. तिथे लग्नाच्या सजावटीत रजनीगंधा हवीच, आणि अंत्ययात्रेलाही तीच. आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणाचं नाव ‘फुले रजनी’.

अलीकडे शास्त्रज्ञांनी हे झाड घायपाताच्या प्रजातीत नेलं आणि नाव झालं ‘अगावे अमिका’. ट्यूबेरोसा गेलं. शास्त्राने सोडलेला तो कंद आता इंग्रजांच्या ट्यूबरोजमध्ये तेवढा राहिलाय, तोही गुलाबाच्या नावाखाली.